परक्या घरची लेक

समजा, तुमची सोळा वर्षांची मुलगी एक दिवस शाळेतून येते आणि चप्पल काढता काढताच सांगते, "आई, मला वर्षभर परदेशात जायचंय. तिकडच्या एका घरात राहायचं, तिथल्याच शाळेत शिकायचं. आणि आपल्याकडं तिकडची एक मुलगी येणार. आपल्या घरी राहणार." तुमची चपाती तव्यावर करपते. आपली पोर जाणार याची धास्ती एकीकडं आणि येणाऱ्या पोरीला कुठली खोली द्यायची ही चिंता दुसरीकडं. खरं सांगायचं तर बहुतेक घरांत दुसरी चिंताच आधी सुरू होते. पडदे धुवायला टाकायचे, संडासाच्या दाराची कडी बसवून घ्यायची, आणि सासूबाईंना हे सगळं कसं सांगायचं!

मैत्रिणींनो, ही काही नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. रोटरी क्लबाची अशी विद्यार्थी-बदलीची योजना जगभर चालते. पंधरा ते एकोणीस वर्षांची मुलं वर्षभरासाठी दुसऱ्या देशात जातात. तिथं त्यांना वसतिगृहात ठेवत नाहीत, घरात ठेवतात. एकाच घरावर भार नको आणि मुलालाही तऱ्हेतऱ्हेची घरं पाहता यावीत म्हणून बहुधा तीन-चार महिन्यांनी घर बदलतात. यजमान घराला त्याचे पैसे मिळत नाहीत. ज्यांनी आपलं लेकरू पाठवलं त्यांनी दुसऱ्याचं सांभाळायचं, असा हा साटंलोट्याचा मामला. आणखीही संस्था आहेत. 'एएफएस' नावाची एक आहे, तिचा जन्म तर पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांना वाहून नेणाऱ्या गाड्यांच्या पथकातून झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या लोकांनी ठरवलं की जखमी वाहण्यापेक्षा मुलांना एकमेकांच्या घरी पाठवावं. मला तर हे फार पटतं.

तुम्ही म्हणाल, परक्या घरात जाऊन राहायचं, तिथलं खायचं, तिथल्या रीती शिकायच्या, यात आम्हांला नवीन ते काय? आम्ही सगळ्यांनी हेच केलं. अगदी खरं. सासरी आल्यावर मीठ कुठल्या डब्यात असतं इथपासून आपण शिकलो, आणि रडायचं ते मोरीत नळ सोडून. फरक एवढाच, की आपल्याला परतीचं तिकीट नव्हतं. म्हणूनच परक्या देशातली मुलगी घरात आली तर तिच्या पोटात काय कालवतं हे घरातल्या पुरुषांपेक्षा आपल्याला लवकर कळतं. आणि आपण कोल्हापूरकरणींना तर ते कळायलाच हवं, कारण या सगळ्याची एक फार जुनी आणि फार हळवी गोष्ट आपल्याच गावातून सुरू होते.

कोल्हापुरातून गेलेलं एक पत्र

डॉ. आनंदीबाई जोशींचं नाव ठाऊक नाही अशी तुमच्यात कुणी नसेल. नाटक झालं, सिनेमा झाला. पण त्यांच्या आयुष्यात कोल्हापूर दोनदा येतं, हे पुष्कळजणींच्या लक्षात नसतं. आनंदीबाईंचे यजमान गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला. बदलीच्या नोकरीत ते काही काळ कोल्हापुरात होते. नऊ वर्षांची असताना लग्न होऊन आलेल्या बायकोला शिकवायचं वेड त्यांनी घेतलं होतं. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. डॉक्टर व्हायचं हे तिनं त्यानंतर मनात धरलं. आपल्यातल्या ज्या कुणी असं दुःख पाहिलंय, त्यांना याच्यापुढं काही सांगायला नको.

१८७८ साली गोपाळरावांनी कोल्हापुरातल्या अमेरिकन मिशनऱ्यांमार्फत अमेरिकेत पत्र धाडलं. ते पोचलं रेव्हरंड वाइल्डर यांच्याकडं. हे वाइल्डर पूर्वी कोल्हापुरातच मिशनचं काम करून गेले होते आणि आता तिकडं प्रिन्स्टनला एक मासिक चालवत होते. बायकोला शिक्षणासाठी अमेरिकेत आणायचंय, मदत कराल का, अशी विचारणा. वाइल्डरसाहेबांचं उत्तर सरळ नव्हतं. आधी धर्म बदला, मग बघू, असा त्याचा सूर. आणि त्यांनी तो पत्रव्यवहार मासिकात छापून टाकला.

पुढचं एखाद्या कथेत लिहिलं असतं तर आपण नाक मुरडलं असतं. न्यू जर्सी राज्यात रोझेल नावाचं गाव. तिथल्या एक बाई, थिओडिशिया कार्पेंटर, १८८० मध्ये दातांच्या डॉक्टरकडं आपला नंबर यायची वाट बघत बसल्या होत्या. समोर जुनी मासिकं पडलेली. त्यांतलं एक चाळताना ही पत्रं त्यांच्या नजरेस आली. घरी जाऊन त्यांनी हिंदुस्थानातल्या या न पाहिलेल्या मुलीला पत्र घातलं. दातांच्या दवाखान्यात मासिक चाळणाऱ्या बाईंनी कधी काय करून ठेवावं, सांगता येत नाही!

तीन वर्षं पत्रं चालली. आनंदी त्यांना मावशी म्हणायला लागली. ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून ती बोटीत चढली, अवघ्या अठरा वर्षांची, नवरा बरोबर नाही, ओळखीच्या मिशनरी बायकांच्या सोबतीनं. ४ जूनला न्यूयॉर्कला उतरली. तिथं मावशी न्यायला उभ्या होत्या. कागदावरची मावशी आणि कागदावरची भाची त्या दिवशी पहिल्यांदा एकमेकींना भेटल्या.

आजच्या भाषेत ज्याला यजमान घर म्हणतात, ते हे. आता कार्पेंटरबाईंनी काय केलं ते बारकाईनं बघा, कारण आपल्याला शिकायचं असेल तर त्यांच्याकडून. त्यांनी आनंदीला धर्म बदलायला सांगितलं नाही. ती मांस खात नाही म्हटल्यावर तिला पाहुणी म्हणून ताटात काहीतरी वाढून मोकळ्या झाल्या नाहीत. आनंदीनं त्यांच्या घरात आपल्या पद्धतीचं जेवण रांधून मंडळींना वाढलं, तिकडच्या बायकांना साड्या नेसवल्या. म्हणजे स्वयंपाकघर त्यांनी तिच्या हवाली केलं. स्वयंपाकघर दुसरीच्या हातात देणं ही गोष्ट किती अवघड असते ते तुम्ही आम्ही जाणतोच. सख्ख्या जावेला देताना आपला जीव वरखाली होतो.

रोझेलचा उन्हाळा असा गोडीगुलाबीत गेला. मग फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात नाव दाखल झालं, आणि मावशीचं घर सुटलं. तिथली खोली गारठ्याची. शेगडी पेटवावी तर खोलीभर धूर, न पेटवावी तर थंडीनं कुडकुडायचं. नऊवारी लुगड्यात पोटऱ्या आणि कंबर उघडी राहते, तिकडच्या बर्फात ते कसं चालावं? तेव्हा तिनं गुजराती पद्धतीनं साडी नेसायला सुरुवात केली, म्हणजे आत परकर घालता येतो आणि पाय झाकतात. हे करतानाही नवऱ्याला काय वाटेल याचा तिला घोर. शाकाहार मात्र सोडला नाही. थंडी, अपुरं अन्न, अभ्यासाचा ताण आणि सात समुद्रापलीकडून येणारी नवऱ्याची कधी मायेची, कधी बोचरी पत्रं. ११ मार्च १८८६ रोजी तिला पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. पण तोवर क्षयानं शरीर पोखरलं होतं.

आणि इथं कोल्हापूर पुन्हा येतं. आपल्या संस्थानानं आनंदीबाईंना अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची प्रमुख डॉक्टर नेमलं. आज ज्याला आपण सीपीआर म्हणतो तोच हा दवाखाना. तिथं ओपीडीच्या रांगेत आपल्यापैकी कित्येकजणी कधी ना कधी उभ्या राहिल्या असतील. त्या कामावर ती येऊच शकली नाही. नोव्हेंबर १८८६ मध्ये मुंबईत उतरली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेली. बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. गोपाळरावांनी तिच्या अस्थी मावशीकडं पाठवल्या. कार्पेंटरबाईंनी त्या न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी आपल्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवल्या आणि वर दगड बसवला. तो अजून आहे.

पुढं कोल्हापूरच्याच डॉ. कृष्णाबाई केळवकर याच दवाखान्यात काम करू लागल्या आणि शाहू महाराजांच्या पाठिंब्यानं परदेशात जाऊन शिकूनही आल्या. त्या परत येऊ शकल्या याचा मला फार दिलासा वाटतो.

आता कुणी म्हणेल, बाई जात होती म्हणून असं झालं. तर तेही नव्हे. आनंदीबाईंच्या तेरा वर्षं आधी, १८७० साली, आपले राजाराम महाराज इंग्लंडला गेले होते. वय वीस. बरोबर साहेब, लवाजमा, सगळं होतं. तिथं काय काय पाहिलं याची रोजनिशी ते इंग्रजीत लिहीत, ती पुढं छापूनही निघाली. परतीच्या वाटेवर इटलीत फ्लॉरेन्सला त्यांचं निधन झालं. तिथल्या नदीकाठी आपल्या रीतीनं दहन झालं आणि त्या जागी छत्रीखाली त्यांचा पुतळा आहे. फ्लॉरेन्सचे लोक त्या भागाला अजून 'इंडियानो' म्हणतात, जवळच्या पुलालाही तेच नाव आहे. मुलगा असो वा मुलगी, राजा असो वा टपाल कारकुनाची बायको, परक्या हवेनं कुणाची गय केली नाही.

हे सगळं तुम्हांला घाबरवण्यासाठी सांगत नाही हं. आता औषधं आहेत, विमा आहे, घरात उबेची सोय असते, विमानानं दिवसभरात माणूस परत येतं. पण पोटात काय जातं आणि अंगावर काय असतं, या दोन गोष्टी आजही बाकी सगळ्या संस्कृतीच्या गप्पांआधी येतात. म्हणून त्यापासूनच सुरुवात करू.

ती आपल्याकडं येते तेव्हा

कोल्हापुरी पाहुणचाराचा एक मोठा दोष आहे. आपण आल्या दिवशी सगळं खाऊ घालतो. पाहुणी विमानातून उतरून, मुंबई-पुण्याहून गाडीनं हेलकावे खात आलेली, आणि आपण तिच्यासमोर तांबडा रस्सा ठेवतो, तर्री वर तरंगणारा. "खा गं, काही होत नाही." होतं बरं का! पहिले आठ-दहा दिवस मऊ भात, साधं वरण, तूप, केळं, दही, चपाती, उकडलेला बटाटा. मग पांढऱ्या रश्श्यापासून सुरुवात करा, मांसाहार करत असेल तर. नारळाच्या दुधामुळं तो जिभेला जड जात नाही. मिसळीचा कट वेगळ्या वाटीत द्या, म्हणजे किती घालायचा ते ती ठरवील. कांदा-लसूण चटणीची बरणी तिला दाखवा, वास घेऊ द्या, आणि हसत हसत परत फळीवर ठेवा. तीन महिन्यांनी तीच मागील, पैज लावते.

पाणी उकळून गार केलेलं किंवा चांगल्या फिल्टरचं, आणि हे तिच्या शाळेत, शेजारी, मामाच्या घरीही बजावून ठेवा. गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पाजायचा मोह आपल्या घरच्या पुरुषांना आवरत नाही. बघायला जरूर न्या, तो देखावा तिला कुठं बघायला मिळणार? पण प्यायला द्यायचं ते घरी आणून, उकळून. तिच्या आईनं दिलेल्या कागदात एखाद्या पदार्थाची ॲलर्जी लिहिलेली असेल तर तो कागद स्वयंपाकघरात भिंतीला लावा. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलीला आपल्या घरात जपणं म्हणजे काय, विचार करा. कूट नाही अशी आपली भाजी किती?

दुसरी गोष्ट मोरीची. तिकडच्या मुलीला बंद दाराची सवय असते. आपल्याकडं दार नुसतं लोटून घ्यायची रीत, आणि खोलीत शिरताना आवाज द्यायची पद्धत नाही. तिला एक जागा अशी हवी की जिथं ती दार लावून बसली तर कुणी "काय झालं गं, रुसलीस?" म्हणून धडका देणार नाही. खोली नसेल तर एक कोपरा, एक कपाट, त्याची किल्ली. न्हाणीघराला आतून चांगली कडी. घरात येणाऱ्या-जाणाऱ्या पुरुष माणसांना, मग ते कितीही जवळचे असोत, तिच्या खोलीत बसू द्यायचं नाही. हे बोलायला अवघड आहे, पण आपण बायकांनीच बोलायचं. ती पंधरा-सोळा वर्षांची आहे, आपली भाषा तिला येत नाही, आणि काही बोचलं तर ते कुणाला सांगायचं हेही तिला कळत नाही. तिनं कुणाविषयी तक्रार केली तर आधी ऐकून घ्या, "अगं, त्यांच्या मनात तसं काही नसतं" हे वाक्य गिळून टाका, आणि योजनेच्या स्थानिक प्रमुखांना त्याच दिवशी कळवा. यजमान घराची आधी पाहणी करतात, चौकशी करतात, त्याचा राग मानू नये. आपली मुलगी जिथं जाणार त्या घराचीही तशीच चौकशी झालेली असावी, असं आपल्याला वाटतंच ना?

महिन्याच्या अडचणीचंही आधीच बोलून घ्या. तुमच्या घरात देवघराची शिवाशिव पाळत असतील तर ती तिला आधी सांगितलेली बरी. भर सणाच्या दिवशी सासूबाईंनी हात मागं ओढला तर ते तिच्या जिव्हारी लागेल, तिनं काय चूक केली तेही कळणार नाही. माझं मत विचाराल तर पाहुण्या पोरीला यातून सूट द्यावी, आणि त्या निमित्तानं घरच्या पोरींनाही.

सरकारी कामाचं थोडक्यात सांगते. परदेशी माणूस घरी राहायला आलं की २४ तासांच्या आत ठरलेला फॉर्म भरून कळवावं लागतं, आता ते ऑनलाइन होतं. व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल तर बहुधा आल्यापासून १४ दिवसांत नोंदणीही करावी लागते. त्यासाठी जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षक कार्यालयात चौकशी करा. हे काम यजमानांच्या गळ्यात घाला. काहीतरी त्यांनीही करू देत.

कारण बाकीचं कोण करतं? इथं मला जरा स्पष्ट बोलायचंय. परदेशी मुलगी घरात आली की पेपरात फोटो येतो तो सासऱ्यांचा किंवा नवऱ्याचा. हारतुरे त्यांना. डबा करते सून. चादरी धुते सून. पोरगी रात्री तापानं फणफणली तर उशाला बसते सून. तेव्हा घरात ही मुलगी आणायची का, हे ठरवताना जिला हे करायचंय तिला आधी विचारलं पाहिजे. आणि ती नोकरी करणारी असेल तर कुठलं काम कोण उचलणार ते तारखेआधी ठरलं पाहिजे. तुम्ही सासू असाल तर हे तुम्हांला सांगते, आणि सून असाल तर हे पान उघडं करून टेबलावर ठेवा.

येणाऱ्या पोरीलाही काम द्या. हे फार महत्त्वाचं. पाहुणी म्हणून बसवून ठेवलेली मुलगी महिनाभरात कंटाळून फोनमध्ये तोंड घालून बसते. लसूण सोलायला द्या, कोथिंबीर निवडायला द्या, लाटणं हातात द्या. पहिली चपाती आफ्रिकेच्या नकाशासारखी होईल, ती तिलाच खायला घाला. माझ्या ओळखीच्या एका घरी अशीच एक मुलगी होती. तिला रोज संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणायचं काम दिलं होतं. ती सांगायची, त्या पंधरा मिनिटांत मला वाटतं मी इथली आहे. दुकानदार नाव घेऊन हाक मारतो.

भाषेची गंमत तर विचारूच नका. आपल्याकडं बायकासुद्धा सर्रास "मी येतो", "मी जेवलो" म्हणतात. परदेशी मुलगी हेच शिकते. मग ती पुण्याला गेली की तिथल्या बायका पदराआड हसतात, "अगं, तू मुलगा आहेस का?" तिला आधीच सांगून ठेवा, की पुस्तकात 'येते' आहे आणि आमच्या गावात 'येतो' आहे, दोन्ही बोल. ती आपली बोली घेऊन परत जाईल आणि तिकडं कुणी मराठी भेटलं की ओळखेल, ही कोल्हापुरात राहिलेली!

बाकी दाखवायला काय कमी आहे? अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव असतो, मावळतीची किरणं गाभाऱ्यात येऊन देवीच्या अंगावर चढतात. नोव्हेंबरात आणि पुन्हा जानेवारीच्या अखेरीस ते दिवस येतात, गर्दी असते, लवकर जागा धरा. दसऱ्याला दसरा चौकात सोनं लुटतात, छत्रपतींची जुनी मेबॅक गाडी येते, ती बघून गोरी पोर टाळ्या पिटते. ललित पंचमीला त्र्यंबोलीचा कोहळा. गुऱ्हाळावर गरम काकवी. खासबागेत कुस्त्या. चप्पल घेऊन द्याल ती जरा सैल घ्या, तेल पाजून पहिले दोन-तीन दिवस घरातल्या घरात घालायला सांगा, नाहीतर रंकाळ्याला जाऊन परत येईपर्यंत पायाला फोड. देवळात जाताना काय घालावं ते आधी सांगा, दारात नव्हे. आणि नवरात्रात तिला साडी नेसवून प्रत्येक नातेवाइकाबरोबर फोटो काढायला उभी करू नका. दहाव्या फोटोनंतर तिचं हसू कसं होतं ते बघा, म्हणजे कळेल. आपण लग्नात तशाच उभ्या होतो.

तिला तिसऱ्या महिन्यात रडू येईल. पहिला महिना नवलाईचा, दुसरा धांदलीचा, तिसऱ्यात घर आठवतं, त्यात तिकडच्या नाताळासारखा सण आला तर विचारूच नका. नाताळाला एक केक, एक मेणबत्ती, तिच्या आईशी बोलायला तासभर निवांत वेळ, एवढं पुरतं.

आपली जाते तेव्हा

आता तुमच्या मुलीचं. पहिला प्रश्न वर्षाचा. तिकडच्या शाळेत काढलेलं वर्ष इथल्या बोर्डाला सहसा मोजलं जात नाही. म्हणून पुष्कळ घरं दहावीनंतर किंवा बारावीनंतर पाठवतात. एक वर्ष मागं पडेल हे धरूनच चाला आणि आधी शाळेत किंवा कॉलेजात लेखी विचारून घ्या. दुसरा प्रश्न खर्चाचा. राहणं-जेवण यजमानांकडं असलं तरी विमानाचं तिकीट, विमा, व्हिसा, कपडे आणि हातखर्च आपला. तो ऐपतीच्या बाहेरचा असेल तर कर्ज काढून पाठवू नका. हौसेपायी दागिना मोडायची ही वेळ नव्हे. तो तिच्या कॉलेजसाठी राहू द्या.

जेवणाचा रकाना खरा भरा. "सगळं खाते" असं लिहायचं आणि तिकडं गेल्यावर पोरीनं तोंड फिरवायचं, यात यजमानीण बाईंची पंचाईत होते. अंडं चालतं का, मासे चालतात का, गाईचं मांस नको, हे स्पष्ट लिहा. आणि निघायच्या आधी सहा महिने तिला चार पदार्थ शिकवा. वरणभात, बटाट्याची भाजी, पोहे आणि खिचडी. एवढ्यावर ती उपाशी राहणार नाही, आणि एखाद्या रविवारी त्या घराला आपल्या हातचं खाऊ घालील. मुलगा जाणार असेल तरी हेच. मसाल्याचे मोठाले डबे, घरची लोणची बरोबर कोंबू नका. कुठल्या देशात काय नेऊ देतात याचे नियम वेगळे असतात. ते आधी बघून मग बॅग भरा. गरम कपडे इथून ढीगभर घेऊ नका. आपल्याकडचा स्वेटर तिकडच्या बर्फाला पुरत नाही. आतून घालायचे उबदार कपडे, चांगले मोजे, आणि जाडजूड कोट तिकडं गेल्यावर, यजमानीण बाईंना विचारून. एक सहावारी साडी मात्र द्या, नेसायला शिकवून द्या, आणि परकराची नाडी नीट ओवून द्या.

रोटरीच्या योजनेत चार गोष्टींना सक्त मनाई असते. गाडी चालवायची नाही, दारू नाही, अमली पदार्थ नाहीत, आणि प्रेमप्रकरण नाही. नियम मोडला तर परत पाठवतात. हे मुलीला सांगाच, पण याबरोबर आणखी एक सांगा. काही वाईट घडलं, कुणी अंगचटीला आलं, तर तू नियम मोडलास का हे आम्ही आधी विचारणार नाही. तू फोन कर. स्थानिक प्रमुखांचा नंबर, तिथल्या क्लबाचा नंबर आणि आपला नंबर तिच्या फोनमध्ये असेलच, पण कागदावर लिहून पाकिटातही ठेवा.

फोनचं एक सांगते आणि ते तुम्हांला आवडणार नाही. रोज फोन करू नका. आनंदीबाईंच्या पत्राला जायला-यायला महिने लागत, आज तुम्ही तिच्या ताटात काय आहे ते चेहऱ्यासमोर बघू शकता. त्यानं तिचा पाय तिकडं रुजत नाही. आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी बोला. ती रडली तर ऐका, पण लगेच "परत ये" म्हणू नका. आणि फोन ठेवल्यावर तुम्हांला काय वाटतं ते तुमच्या मैत्रिणीजवळ बोला. तिच्या यजमानीण बाईंना वारंवार निरोप देऊ नका, की हिला सकाळी दूध द्या, रात्री जागू देऊ नका. ती आता त्या घरची आहे, तिथला पेला तिथल्या हातानं भरू द्या.

वर्ष संपून ती परत येईल तेव्हा विमानतळावर पन्नास माणसं नेऊ नका. आल्या दिवशी पूजा, दुसऱ्या दिवशी पाहुणे, असा बेत ठेवू नका. तिला चार दिवस झोपू द्या, ज्वारीची भाकरी आणि पिठलं द्या, आणि "तिकडं असं नसतं" हे पहिल्या आठवड्यात वीस वेळा ऐकायची तयारी ठेवा. ती दार वाजवून खोलीत येईल, आपलं ताट आपण उचलील, बापाशी समोर बसून वाद घालील. त्यातलं काय ठेवायचं ते घरानं सावकाश ठरवावं. ती एकटी बसून रडलीच तर समजा, की आता तिला तिकडची आई आठवतेय. त्या बाईंना तिला पत्र लिहायला सांगा. आणि खाली दोन ओळी तुम्हीही लिहा, मराठीतच लिहा. ती त्यांना वाचून दाखवील.